इशाऱ्याला क्रियापद हवं

"तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, ही विनंती."

पावसाळ्यात हे वाक्य तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी आलं असेल. आमच्या खान्देशात तापीला पाणी वाढलं की येतंच. उभं आयुष्य मराठीचं व्याकरण शिकवण्यात गेलं, त्यामुळे वाक्य दिसलं की त्याचं पृथक्करण केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर सांगा बरं मंडळी, सतर्क राहणे म्हणजे नक्की काय करणे? उभं राहायचं? बसायचं? ढोरं सोडायची की बांधायची? घर सोडायचं की दार लावून घ्यायचं? क्रियापद आहे खरं, पण त्यात क्रियाच नाही!

हा लेख अशा वाक्यांवर आहे आणि ती जशीच्या तशी पुढे ढकलणाऱ्यांवर आहे. थोडा कडू वाटेल, इलाज नाही.

आधी घरचं उदाहरण घेतो. नरडाण्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की सावळद्याला तापीचा पूल लागतो. या तापीवर वरच्या अंगाला भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे. त्याला ४१ दरवाजे. वर पूर्णेच्या आणि तापीच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की दरवाजे उघडावे लागतात, आणि खालच्या गावांना निरोप द्यावा लागतो. निरोपाचा साचा साधारण असा असतो: "धरणाचे अमुक दरवाजे पूर्ण उघडण्यात आले असून तमुक क्युमेक्स इतका विसर्ग नदीपात्रात सोडण्यात येत आहे. तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे."

आता पृथक्करण. "उघडण्यात आले", "सोडण्यात येत आहे". कर्ता कुठे गेला? कोणी सोडलं, कोणाला विचारायचं, कुठल्या नंबरवर? पत्ता नाही. "विसर्ग" हा शब्द आम्ही शाळेत अक्षरापुढच्या दोन टिंबांसाठी शिकवला. नदीकाठी भुईमुगाचं वावर असलेल्या माणसाला तो पाण्यासाठी वापरतात हे माहीत असायचं काही कारण नाही. आणि "राहावे" हा विध्यर्थ. विध्यर्थात उपदेश असतो, कर्तव्य असतं, शक्यता असते. धोक्याच्या वेळी लागतो तो आज्ञार्थ. बांधा, निघा, थांबा, उतरू नका.

मग ते आकडे. बातमीत कधी क्युसेक्स येतं, कधी क्युमेक्स. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हजार लिटर. दोन्हींत ३५ पटींचा फरक! एखाद्याने क्युमेक्सचा आकडा क्युसेक्स समजून वाचला तर पूर त्याला ओहोळ वाटेल. आणि समजा दोन्ही एकके त्याला पाठ आहेत, तरी त्याचा प्रश्न सुटत नाही. सेकंदाला किती लिटर हे त्याने विचारलेलंच नसतं. पाणी माझ्या वावरात येईल का, कधी येईल, कुठवर येईल, हे त्याला हवं असतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये याच तापीवरच्या उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक्स पाणी सोडावं लागलं आणि खाली सुरत बुडाली. नऊ लाख हा आकडा अभियंत्याला कळतो. तळमजल्यावर राहणाऱ्या म्हातारीला कळायला हवं ते एवढंच, की वरच्या मजल्यावर जा, आत्ता जा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. यंत्राने मोजलेली गोष्ट ही नुसती नोंद असते. तिचा इशारा माणसाला करावा लागतो, आणि ज्याला तो मिळणार त्याच्या शब्दांत करावा लागतो. हे काम न करता ज्याने मोजमाप तसंच पुढे पाठवलं, त्याने इशारा दिला असं मी मानत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, सरकारी कचेरीला झोडपणं सोपं असतं. तर थांबा. हा रोग सगळ्यात शिकलेल्या, सगळ्यात पगारदार मंडळींनाही झालेला आहे.

माझा एक भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या गटाकडे सर्व्हर सांभाळायचं काम. आठवड्याआड त्याची रात्रीची पाळी असते, आणि त्या आठवड्यात तो कुठेही असला तरी फोन उशाशी ठेवून झोपतो. मागे इकडे आला होता तेव्हा रात्री दोनला फोन कोकलला. मीही जागा झालो. (या वयात झोप म्हणजे नुसता बहाणा असतो.) पडद्यावर एक ओळ होती: "क्रिटिकल - सॉकेट टाइमआउट आफ्टर १० सेकंड्स". वर सर्व्हरचं नाव, तेही इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची खिचडी.

"काय बिघडलं रे?"

"माहीत नाही मामा, बघावं लागेल."

"कोणाचं काम अडलंय?"

"तेही बघावं लागेल."

"मग हा निरोप तुला सांगतो तरी काय?"

"काहीतरी गंभीर आहे, एवढं सांगतो."

"हा मजकूर बदलता येत नाही का?"

"येतो की. पण कोणी बदलत नाही."

त्या शेवटच्या वाक्याने माझी उरलेली झोप घालवली. बदलता येत नसता तर मी यंत्राला दोष देऊन गप्प बसलो असतो. बदलता येतो आणि बदलत नाहीत, हा मात्र आळस आहे. पुढचे दोन दिवस मी त्याला त्या विषयावर बराच पिडला. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

सर्व्हरवर पहारा ठेवणारी ही सॉफ्टवेअरं हजेरी घेतल्यासारखं काम करतात. दर काही मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतात, आहेस का? डिस्कमध्ये जागा किती उरली? उत्तर द्यायला वेळ का लागला? यातलं एक जुनं आणि नावाजलेलं सॉफ्टवेअर म्हणजे नागिऑस. ईथन गॅल्स्टाड यांनी ते १९९९ साली 'नेटसेंट' नावाने आणलं आणि २००२ मध्ये नाव बदललं. त्यात सेवेच्या चार अवस्था असतात: ठीक, सावध, गंभीर आणि अज्ञात. एकदा उत्तर आलं नाही म्हणून ते लगेच गैरहजेरी मांडत नाही. ठरवून दिलेल्या वेळा पुन्हा विचारतं आणि मगच बोंब मारतं. चांगला वर्गशिक्षक असंच करतो.

बोंब मारताना ते एक साचा वापरतं. शाळा सोडल्याचा दाखला आठवा. मजकूर छापलेला, मध्ये रिकाम्या जागा: नाव, जन्मतारीख, इयत्ता. तसंच इथे. सर्व्हरचं नाव, सेवेचं नाव, पत्ता, अवस्था, वेळ आणि तपासणीने दिलेली एक ओळ. या रिकाम्या जागांना ते लोक मॅक्रो म्हणतात. सॉफ्टवेअरसोबत येणारा हा साचा म्हणजे नमुना असतो, देववाणी नसते. त्यातली वाक्यं बदला, नवीन ओळी घाला, सगळं चालतं. एवढंच नाही, २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून नागिऑसमध्ये आपल्या मनाचे रकानेही काढता येतात. म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या नोंदीत "हा बंद पडला तर कोणाचं काम अडतं", "आधी काय बघायचं", "कोणाला उठवायचं" असे रकाने करून ठेवायचे, आणि ते आपोआप निरोपात उतरतात. झबिक्ससारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही निरोपाचा मजकूर आपला आपल्याला लिहिता येतो.

म्हणजे "क्रिटिकल, अमुक सर्व्हर, डिस्क फ्री स्पेस २ टक्के" याच्या जागी असं लिहिता येतं: "बिलं काढणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरत आली, दोन टक्के जागा उरली आहे. भरली तर बिलं बंद पडतील. आधी जुन्या लॉग फायली दुसरीकडे हलव. अर्ध्या तासात जमलं नाही तर डेटाबेसवाल्याला उठव."

मोजा आता क्रियापदं. हलव, उठव. अर्धवट झोपेतल्या पोराला ही दोन क्रियापदं मिळाली की तो पुढचं सगळं करतो. ती मिळाली नाहीत तर पहिला अर्धा तास "हे आहे तरी काय" यातच जातो. तेवढ्या वेळात कुठे दवाखान्यात केसपेपर निघत नाही, कुठे स्टेशनवर माणसाला तिकीट मिळत नाही. सर्व्हर म्हणजे काही हवेत लटकलेली वस्तू नव्हे, त्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं रांगेत उभी असतात.

आता जरा मागे जातो. आम्ही लहान होतो तेव्हा गावात मोबाईल सोडा, फोनही नव्हता. तालुक्याहून हुकूम यायचा तो कचेरीच्या मराठीत. पाटलाकडे तो वाचला जायचा आणि कोतवाल दवंडी पिटायला निघायचा. त्याने कधी हुकूम वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सरळ अहिराणीत ओरडायचा, "तापीले पूर येणार शे! ढोरे वर बांधी ल्या! नदीमा कोणी जावानं नही!" संपलं. काय होणार, काय करायचं, काय करायचं नाही. नदीकाठच्या वस्तीत एक सांगायचा, बाजारपेठेत दुसरं. फारसा न शिकलेला तो माणूस जे रोज करायचा, त्यालाच आज संगणकाच्या पुस्तकांत अलर्ट मेसेज कस्टमाइझ करणे म्हणतात! आपण तंत्र शंभर पावलं पुढे नेलं आणि कोतवालाची अक्कल मागे ठेवून आलो.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही मी ऐकले आहेत, तिन्हींना उत्तर देतो.

पहिला आक्षेप: साचा प्रमाण हवा, प्रत्येकाने मनाला येईल तसं लिहिलं तर गोंधळ होईल. मान्य. साचा हवाच. पण प्रमाण साच्यात काय आहे ते बघा तरी. इशाऱ्यांसाठी जगभर वापरला जाणारा साचा म्हणजे कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल. ओएसिस या संस्थेने त्याची १.२ ही आवृत्ती २०१० मध्ये प्रमाण म्हणून मंजूर केली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉटने उभारलेली 'सचेत' ही यंत्रणाही त्यावरच चालते. या साच्यात घटना काय, किती निकडीची, किती गंभीर, किती खात्रीची, हे रकाने भरणं सक्तीचं आहे. आणि एक रकाना चक्क क्रियापदांचा आहे! आसरा घ्या, जागा सोडा, तयारी करा, टाळा, लक्ष ठेवा, धोका टळला, अशी यादीच दिली आहे. शेजारी "काय करावे" हे सविस्तर लिहायचा वेगळा रकाना. एकाच इशाऱ्यात निरनिराळ्या भाषांतला मजकूर घालायची सोयही आहे. फक्त हे क्रियापदांचे रकाने ऐच्छिक ठेवले आहेत. आणि ऐच्छिक प्रश्न पोरं सोडून देतात, हे कुठल्याही मास्तरला विचारा. तेव्हा साच्याच्या आड लपू नका. साचा तुमच्या बाजूचा नाही.

दुसरा आक्षेप: संकट आल्यावर मजकूर घोटत बसायला वेळ कोणाला असतो? कोणालाच नसतो, म्हणून तर तो आधी लिहायचा. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी अमेरिकेतल्या हवाई बेटांवर लोकांच्या मोबाईलवर निरोप आला, की क्षेपणास्त्र येतंय, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. तो चुकून गेला होता. "चूक झाली, धोका नाही" हा दुसरा निरोप मोबाईलवर जायला ३८ मिनिटं लागली. आईबाप पोरांना घेऊन मोऱ्या-न्हाणीघरांत बसून राहिले. चौकशीत जी कारणं निघाली त्यांत एक हे होतं, की चुकीचा इशारा मागे घेण्यासाठी आधी लिहून ठेवलेला मजकूरच नव्हता. यातून दोन गोष्टी शिकायच्या. मजकूर शांतपणी लिहा. आणि धोका टळला हे सांगणारा निरोपही त्याच वेळी लिहून ठेवा. आपल्याकडे तर व्यापारी एसएमएसचे साचे दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे आधीच नोंदवावे लागतात, २०२१ पासून न नोंदवलेला मजकूर अडवायला सुरुवात झाली. कर्ज घ्या म्हणणारी मंडळी आपला मजकूर आधी घोटून ठेवतात, आणि पूर सांगणाऱ्यांना म्हणे वेळ नसतो!

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने म्हणत नाही, पण खरा तोच आहे. "सतर्क राहावे" असं लिहिलं की लिहिणारा सुटतो. "चार वाजेच्या आत घर सोडा" असं लिहिलं आणि पाणी आलंच नाही तर? लोक हसतील, साहेब विचारेल. आणि पाणी पाचला येण्याऐवजी तीनला आलं तर? मग तर नोकरीच. त्यापेक्षा ज्याचा कुठलाही अर्थ निघू शकतो असं वाक्य बरं. उद्या चौकशी झाली तर कागद तयार: मेसेज गेला होता. सर्व्हरवाल्यांचंही तेच. "सिस्टिमने अलर्ट पाठवला होता" हे त्यांचं वाक्य म्हणजे आपल्या "कळविण्यात आले होते" चा सख्खा भाऊ. असला मजकूर नदीकाठच्या माणसासाठी नसतोच, तो फायलीसाठी असतो. भीती मी समजू शकतो. पण तिची किंमत कोणी मोजायची, ज्याच्या हातात पगाराची नोकरी आहे त्याने, की ज्याच्या गोठ्यात पाणी शिरणार आहे त्याने? माझं उत्तर ठरलेलं आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. नुसता मजकूर सुधारून भागत नाही, संख्याही आवरावी लागते. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. पण त्या पोराचा निरोप एकदम स्वच्छ होता हो! कर्ता, क्रियापद, सगळं जागेवर. लोक आले नाहीत ते आधी उगाच ओरडल्यामुळे. सर्व्हरच्या जगातही एक जोडणी तुटली की तिच्यामागच्या शंभर सर्व्हरांचे शंभर निरोप येऊ शकतात, आणि खरं कारण त्या ढिगात गाडलं जातं. त्यावरही उपाय आहे. कोण कोणावर अवलंबून आहे हे नागिऑसला आधी सांगून ठेवलं तर ते मागच्यांचे निरोप दाबून मूळ जागा दाखवतं. पण ते सांगून ठेवायला पुन्हा माणूसच बसावा लागतो.

आपले हवामानाचे रंग घ्या. हवामान खात्याने प्रत्येक रंगाला अर्थ दिलेला आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. बघा, खात्याने स्वतः क्रियापदं दिली आहेत! वाटेत ती गळतात आणि आपल्यापर्यंत पोचतो तो नुसता "ऑरेंज अलर्ट". मग पोरांसाठी रेड अलर्ट म्हणजे शाळेला सुट्टी, आणि मोठ्यांसाठी टीव्हीवरची पट्टी. याउलट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप बघा. जवळपास वीज पडायची शक्यता सांगतं आणि काय करावं हेही सांगतं. म्हणजे करता येतं. करायचं ठरवावं लागतं.

२०२३ साली आपल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम मोठ्याने वाजले होते, आठवतं? दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. त्या पद्धतीत निवडलेल्या टॉवरांच्या टप्प्यातल्या फोनांवर निरोप जातो, कोणाचा नंबर लागत नाही. म्हणजे सावळद्याच्या काठाला एक मजकूर आणि डोंगराकडच्या गावांना दुसरा, हे आज शक्य आहे. कोतवालाची दवंडी गल्लीगल्लीत वेगळी होती, तशी मोबाईलची दवंडीही करता येते. अडलंय ते फक्त लिहिणाऱ्यापाशी.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पाऊस सुरू होण्याआधी, उन्हाळ्यातच, तालुक्यात एक बैठक व्हावी. पाटबंधारे खात्याचा माणूस, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), आणि प्रत्येक नदीकाठच्या गावातला एक म्हातारा आणि एक गृहिणी. पाणी कुठल्या खुणेला आलं की काय करायचं, हे गावाच्या खुणांनी लिहावं: मारुतीचा पार, स्मशानाची पायरी, जुन्या शाळेचा ओटा. क्युमेक्स खाली कंसात राहू द्या, माझी तक्रार नाही. नाव आणि फोन नंबर घाला. मजकूर मराठीत आणि अहिराणीत असू द्या. आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांनो, तुम्हीही तसंच करा. ज्या रात्री फोन वाजला नाही त्या रात्री बसा आणि एकेका निरोपात दोन ओळी वाढवा: कोणाचं काम अडलं, आणि आधी काय करायचं. पुढच्या रात्री जो उठणार तो तुमच्याइतका हुशार असेल असं धरू नका. तो झोपेत असेल.

असो. गृहपाठ देऊन थांबतो, सवय जात नाही. गेल्या पावसाळ्यात तुमच्या मोबाईलवर आलेला एखादा इशारा शोधून काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. मग फक्त विचारा, "आता काय करशील?" त्यांना उत्तर देता आलं तर तो मजकूर लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. नाही आलं, तर तो कागद तलाठ्याकडे घेऊन जा आणि त्यालाही हाच प्रश्न विचारा.